इंजिनिअरिंग आणि एमबीए : दोन पदव्यांचा हिशेब घरात बसून एकदा नीट मांडा

बारावीचा निकाल आणि सीईटीचे मार्क हातात आले की नांदगाव, मनमाड, मालेगाव या पट्ट्यातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला इंजिनिअरिंगला घालायचं का? हल्ली तिला आणखी एक शेपूट जोडलं गेलं आहे. "सर, नुसत्या इंजिनिअरिंगला आता कोण विचारतं? एमबीएपण लागतंच म्हणे. दोन्ही एकत्र होतं का?" शाळेत आमच्याकडे दाखला न्यायला येणारे अब्बा हे विचारतात, आणि मोहल्ल्यात भेटणाऱ्या अम्मीसुद्धा.

प्रश्न चांगला आहे. आपल्या समाजात तो विचारला जातोय याचा आनंदही आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये जे चित्र मांडलं होतं ते आठवा. देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीला शिकणाऱ्या दर २५ विद्यार्थ्यांत एक मुस्लिम, आणि पदव्युत्तरला दर ५० मध्ये एक. म्हणजे पदवीपर्यंत पोहोचणारे मुळात कमी, आणि त्यातलेही बरेच पुढच्या पायरीआधी गळतात. त्यामुळे आज आपल्या तालुक्यातलं एखादं घर दुसऱ्या पदवीचा विचार करत असेल तर त्याला अडवायचं नाही, नीट वाट दाखवायची. कारण या वाटेवर पैसाही बराच लागतो आणि चुकीची माहिती देणारेही बरेच भेटतात.

"दोन्ही एकत्र" म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात आधी एक मोठा गैरसमज दूर करू. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर त्यांच्या तासांची वेळ एकमेकांवर येता कामा नये. किंवा एक वर्गात बसून आणि दुसरा ऑनलाइन अथवा दूरशिक्षणाने करता येतो. दोन्ही दूरशिक्षणानेही चालतात.

ही बातमी आल्यापासून काही प्रवेश एजंट सांगत फिरतात, "इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासूनच एमबीए करा, चार वर्षांत दोन्ही पदव्या हातात." हे खोटं आहे. एमबीए ही पदवीनंतरची पदवी आहे. तिच्या प्रवेशाला आधी कोणती तरी मान्यताप्राप्त पदवी पूर्ण झालेली लागते किंवा विद्यार्थी शेवटच्या वर्षाला असावा लागतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला एमबीएला बसवणारी संस्था असेल तर त्या कागदाला पुढे कुठेही किंमत मिळणार नाही.

मग त्या नियमाचा उपयोग काय? इंजिनिअरिंग करता करता बी.कॉम. किंवा बीबीए दूरशिक्षणाने करता येतं. आपल्या नाशकातच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, शिवाय इग्नू आहे. पण आमचा सल्ला असा की इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत हे ओझं घेऊ नका. गणित आणि मेकॅनिक्समध्येच आपली बरीच मुलं अडकतात. त्यात आणखी पाच-सहा विषय घेतले तर दोन्हीकडे एटीकेटी लागते.

उलट गोष्टही लक्षात ठेवा. इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने होत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय पत्राद्वारे इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर कडक निकाल दिला आणि हजारो लोकांच्या पदव्या अडचणीत आल्या. त्यामुळे नोकरी करता करता घरबसल्या बी.टेक. अशी जाहिरात दिसली की तिथूनच मागे फिरा.

खरे रस्ते तीन

पहिला रस्ता जुना आणि सगळ्यांच्या ओळखीचा : आधी चार वर्षांचं बी.ई. किंवा बी.टेक., नंतर दोन वर्षांचं एमबीए. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेल्यांसाठी तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन तीन वर्षं इंजिनिअरिंग, मग दोन वर्षं एमबीए. मोजून पाहा, दहावीनंतर दोन्ही मार्गांनी आठच वर्षं लागतात. त्यामुळे डिप्लोमाला गेलेला मुलगा मागे पडला असं समजू नका.

इंजिनिअरिंगसाठी आपल्या आसपास पर्याय आहेत. मालेगावला मन्सुऱ्यात मौलाना मुख्तार अहमद नदवी टेक्निकल कॅम्पस, चांदवडला एसएनजेबीचं महाविद्यालय, येवल्याजवळ बाभूळगावला एसएनडी, नाशिकला के. के. वाघ आणि मविप्रचं महाविद्यालय. पुढे एमबीएसाठी राज्याची एमबीए सीईटी द्यावी लागते. तिच्या मार्कांवर मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेपासून गावाजवळच्या महाविद्यालयापर्यंत प्रवेश होतात. आयआयएमसाठी कॅट ही वेगळी परीक्षा आहे. आता आयआयएम दूर राहिलेली नाहीत. नागपूरला २०१५ पासून आहे, आणि मुंबईच्या पवईतली जुनी नीटी संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली.

दुसरा रस्ता पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाचा. बारावीनंतर एकदाच प्रवेश आणि पाच वर्षांनी दोन्ही शिक्षण पूर्ण. एक वर्ष वाचतं, एमबीएची वेगळी प्रवेश परीक्षा वाचते. महाराष्ट्रात याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण म्हणजे मुंबईच्या नरसी मोनजी विद्यापीठाचा एमबीए टेक. हे अभिमत विद्यापीठ आहे, प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेने होतो आणि फी भरपूर आहे. सरकारी पर्याय हवा असेल तर ग्वाल्हेरची अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची भारतीय सूचना तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था बघा. केंद्र सरकारची ही संस्था बी.टेक. आणि एमबीए मिळून पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालवते. तिथला प्रवेश जेईई मेनच्या रँकवर होतो. मनमाडहून ग्वाल्हेरला थेट रेल्वे आहे, म्हणजे "परमुलुख" म्हणून घाबरण्यासारखं काही नाही. पण आपल्याकडे जेईई मेनचा फॉर्मच भरला जात नाही, कारण "ते आपल्यासाठी नाही" असं आधीच ठरवलेलं असतं. फॉर्म तरी भरा.

तिसरा रस्ता : इंजिनिअरिंग, मग नोकरी, आणि नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून एमबीए. ही पदवी मान्यताप्राप्त आहे आणि खर्च सगळ्यात कमी. मात्र यात कॉलेजातून मिळणारी नोकरी नसते, वर्गमित्रांची ओळख नसते. हाताशी आधीच नोकरी असेल आणि बढतीसाठी पदवी हवी असेल तर हा रस्ता उत्तम. नोकरी नाही म्हणून घरी बसून हा करायचा म्हटलं तर फायदा थोडाच.

चौथीही एक वाट आहे, ती कमी लोकांना ठाऊक आहे. एआयसीटीईच्या आराखड्यात बी.टेक.चे साधारण १६० क्रेडिट असतात. त्यावर १८ ते २० क्रेडिट जास्त घेतले तर दुसऱ्या शाखेचा 'मायनर' मिळतो, आणि काही महाविद्यालयं तो व्यवस्थापनाचा देतात. ही दुसरी पदवी नव्हे. पण हिशेब, मार्केटिंग, माणसं सांभाळणं यात मुलाला खरंच रस आहे का, हे वेगळे लाखो रुपये न घालता कळतं.

पण दोन्ही हवंच का?

इंजिनिअर वस्तू कशी बनते ते शिकतो. ती कितीला पडली, कोणाला विकायची, उधारी किती दिवसांची द्यायची, कामगार टिकवायचे कसे, हे एमबीए शिकवतं. आपल्या परिसरातच बघा. मालेगावचे यंत्रमाग चालवणाऱ्या घरांना माग दुरुस्त करता येतो. वीजबिल, सुताचा भाव आणि कापडाच्या भावातली तफावत यांचा मेळ कोण घालणार? तालुक्यातला कांदा दरवर्षी सडतो तेव्हा साठवणुकीचं तंत्र आणि बाजाराचा हिशेब दोन्ही कळणारा माणूस लागतो. मनमाडला पुलांचे गर्डर तयार करणारा रेल्वेचा कारखाना आहे. तशा ठिकाणीही वरच्या जागेवर बसणाऱ्याला नुसतं वेल्डिंग कळून भागत नाही, साहित्याची खरेदी आणि वेळेचं नियोजन बघावं लागतं.

अजीम प्रेमजींचं नाव आपल्या प्रत्येक शाळेच्या कार्यक्रमात घेतलं जातं. विप्रोची सुरुवात कुठे झाली ते मात्र मुलांना माहीत नसतं. १९४५ मध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, अमळनेरला, त्यांच्या वडिलांनी वनस्पती तुपाचा कारखाना सुरू केला. अजीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होते. १९६६ मध्ये वडिलांचा इंतकाल झाला आणि एकविसाव्या वर्षी शिक्षण सोडून ते परत आले. कारखाना चालवता चालवताच ते व्यवसाय शिकले. आणि इंजिनिअरिंगची अर्धवट राहिलेली पदवी तीस वर्षांहून अधिक काळाने पूर्ण केली.

यातून काही जण म्हणतील, बघा, एमबीए लागलंच नाही. बरोबर आहे, पण त्यांच्याकडे शिकायला वडिलांचा कारखाना होता. आपल्या रिक्षावाल्याच्या, मागावर काम करणाऱ्याच्या, शिक्षकाच्या मुलाकडे तो नाही. त्याला धंद्याची भाषा आणि त्या वर्तुळातली ओळख कुठून तरी मिळवावी लागते. चांगलं एमबीए ते देऊ शकतं. 'चांगलं' या शब्दावर मात्र जोर आहे. ज्या महाविद्यालयातून नोकऱ्या लागत नाहीत तिथली दुसरी पदवी म्हणजे बेकारी दोन वर्षं पुढे ढकलणं, तेही फी भरून.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं : आधी इंजिनिअरिंग नीट करा, मग दोन-तीन वर्षं नोकरी, आणि त्यानंतर चांगल्या ठिकाणी एमबीए. चांगल्या संस्था अनुभवाला वजन देतात. नोकरी केलेल्या मुलाला वर्गात सांगितलेलं समजतं, कारण त्याने कारखाना पाहिलेला असतो. आणि घरात थोडे पैसे आलेले असतात. सतराव्या वर्षी पाच वर्षांची महागडी फी कबूल करणं त्याच घराला परवडतं, ज्याला मधेच कमाई थांबली तरी चालेल.

ज्याला यंत्रात आणि संशोधनात रस आहे त्याने एमबीएच्या मागे लागूच नये. गेट परीक्षा पास होऊन एम.टेक.ला गेलं तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. एमबीएला असं काही मिळत नाही.

पैशांचा हिशेब

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त नुकसान सोसतात, तेही माहिती नसल्यामुळे. एकच वाक्य पाठ करा : प्रवेश कॅप राउंडमधून घ्या. सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश झाला तरच राज्याच्या फी सवलती मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून "सीट पक्की" करून घेतली की त्या गेल्या. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही त्या लागू नाहीत. महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती बघूनच पैसे भरा आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. ही योजना एका कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळते, त्यामुळे मोठ्या कुटुंबांनी ती कोणासाठी वापरायची ते विचार करून ठरवावं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही महाडीबीटीवर आहे. एका वेळी एकाच योजनेचा लाभ घेता येतो, म्हणून दोन्हींची रक्कम पाहून अर्ज करा.

मुलींसाठी तर २०२४ पासून मोठी सोय झाली आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयाचं शिक्षण शुल्क वर्षाला एक लाख आहे. चार वर्षांत मुलाला निम्मी सवलत धरून दोन लाख भरावे लागतील, आणि या गटातल्या मुलीला शून्य. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च वेगळा. म्हणून "मुलीवर एवढा खर्च कशाला" हे वाक्य आता हिशेबातसुद्धा बसत नाही.

मुस्लिम अल्पसंख्याक संस्थांमधल्या ५१ टक्के जागा आपल्या मुलांसाठी असतात. भायखळ्याचं साबू सिद्दिक, पनवेलचं अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर कॅम्पस, वांद्र्याचं रिझवी इंजिनिअरिंगसाठी, तर मुंबईत अंजुमनची आणि पुण्यात आझम कॅम्पसमधली अलाना संस्था व्यवस्थापनासाठी. कॅपचा फॉर्म भरताना अल्पसंख्याकाचा रकाना रिकामा सोडू नका.

आता कर्ज. इथे सूदचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना आणली. निवडक संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना ती तारणाशिवाय कर्ज देते, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात सूट देते. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं कमी दराचं शैक्षणिक कर्ज आहे. पण व्याज कमी असलं तरी ते व्याजच. कोणत्या परिस्थितीत काय जायज आहे, हे आम्ही शिक्षकांनी सांगायचं नाही. ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे त्या मुफ्ती साहेबांसमोर पूर्ण आकडे ठेवून विचारा. मात्र एक गोष्ट आम्ही नक्की सांगू शकतो. सवलत, अल्पसंख्याक जागा, आधी नोकरी मग एमबीए, या सगळ्या पायऱ्या वापरल्या तर बऱ्याच घरांना कर्जाची रक्कम निम्म्याहून खाली आणता येते, काहींना तर ते लागतच नाही. उरलेल्यासाठी कर्ज-ए-हसना आणि बैतुलमाल आहे. गावोगावच्या जमातींनी लग्नाच्या मदतीइतकंच लक्ष फीच्या मदतीकडे दिलं तर मोठं काम होईल.

कागद आत्तापासून

प्रवेश हुकण्याचं मोठं कारण मार्क नसतात, कागद असतात. आमच्या शाळांतल्या अनुभवावरून सांगतो. दाखल्यावर 'शेख' एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, बारावीच्या गुणपत्रिकेवर तिसऱ्या. हे नववी-दहावीतच दुरुस्त करून घ्या.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा राहण्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. दादा-परदादांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली कागद यांत तो सापडतो. नंतर नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी. पडताळणीला महिने लागतात, त्यामुळे अकरावीतच अर्ज करा. ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांनी तहसीलमधून ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. ग्वाल्हेरसारख्या केंद्रीय संस्थेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि ओबीसीची यादीही केंद्राची बघतात.

तिसरी गोष्ट भाषेची. इंजिनिअरिंगच्या सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठी किंवा उर्दूतून घेता येतात. एमबीएच्या सीईटीत ती सोय नाही, तिथे इंग्रजी वाचून समजण्याचीच परीक्षा असते, तीही घड्याळ लावून. उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र वाचलं तर वेगळ्या क्लासची गरज पडत नाही.

मुलींच्या घरच्यांशी थोडं

"इंजिनिअरिंग झालं, आता रिश्ता बघू, एमबीए सासरी गेल्यावर." हे आम्ही नेहमी ऐकतो. रिश्ता जरूर बघा. पण निकाहाआधीच पुढच्या शिक्षणाचं बोलणं दोन्ही घरांत साफ होऊ द्या, पाहुण्यांसमोर होऊ द्या. फी कोण भरणार, ती कुठे राहणार, नोकरी करणार का, हे तेव्हाच ठरलं पाहिजे. नंतर म्हटलं की ते राहून जातं. जिला बाहेरगावी पाठवणं घराला जमत नाही तिच्यासाठी तिसरा रस्ता, म्हणजे मुक्त विद्यापीठातून एमबीए, उपयोगाचा आहे. तोही नोकरीसोबत केला तरच.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

कोणत्याही महाविद्यालयात पैसे भरण्याआधी अब्बा-अम्मी आणि मुलाने मिळून हे विचारावं आणि उत्तरं लेखी घ्यावीत :

१. अभ्यासक्रमाला एआयसीटीई आणि यूजीसीची मान्यता आहे का? ऑनलाइन असेल तर यूजीसीच्या यादीत या विद्यापीठाचं नाव या वर्षासाठी आहे का?

२. पाच वर्षांनी दोन वेगळ्या पदव्या मिळतात की एकच? चार वर्षांनी घरची अडचण आली तर बी.टेक. घेऊन बाहेर पडता येतं का?

३. पूर्ण मुदतीची एकूण फी किती, आणि ती दरवर्षी वाढते का?

४. मागच्या वर्षी किती मुलांना नोकऱ्या लागल्या, कोणत्या कंपन्यांत? तिथे शिकलेल्या दोन मुलांचा नंबर मिळेल का?

५. आपल्या मुलाला किंवा मुलीला हे खरंच हवं आहे का, की शेजारच्या घरात झालं म्हणून?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही वेबसाइटवर नाही, ते मुलालाच विचारावं लागेल. त्याने "मला मशीनच आवडतं" म्हटलं तर एका पदवीवर थांबा आणि ती पक्की करा. "मला धंदा कसा चालतो ते बघायचंय" म्हटलं तर दुसरीची तयारी आजपासून सुरू करा. आणि फॉर्म भरताना अडलं तर गावातल्या कोणत्याही शिक्षकाकडे या. उर्दू शाळेचा असो की मराठी, तो नाही म्हणणार नाही, इन्शाअल्लाह.